भाऊंचे साक्षीदार

दिवाळी आली की आमच्या घरी चारोळीचा विषय निघतो. दुकानात ती चिमूटभर पुडीत, ऐकून घाम फुटेल अशा भावाने मिळते. आमच्याकडे मात्र वीस वर्षे जुन्या वर्तमानपत्रात सुतळीने बांधलेले चांगले अर्ध्या किलोचे पुडके येत असे. ते आणून देणारे भाऊ या पावसाळ्यात गेले.

भाऊ म्हणजे माझे सहकारी वकील. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या घुमटाखाली आम्ही दोघांनी केस पांढरे केले. चेंबर एकच, मध्ये एक कपाट. कपाटाच्या माझ्या बाजूला भाडेकरू, वाटण्या आणि मृत्युपत्रे. त्यांच्या बाजूला जंगल. त्यांचे अशील धानोरा-एटापल्लीकडून रात्रीच्या एसटीने येत आणि सकाळी पायरीवर उकिडवे बसलेले दिसत. फी म्हणून कुणी मोहफुले आणी, कुणी मध, कुणी चारोळी. मोह आणि मध कुठे जाई मला ठाऊक नाही; चारोळी मात्र "वहिनींना द्या, बासुंदीत घालतील" म्हणून माझ्या टेबलावर येई. मी थट्टा करी, "भाऊ, इन्कमटॅक्सवाल्यांना ही चारोळी कुठल्या रकान्यात दाखवता?" ते नुसते हसत आणि चष्मा पुसत.

आपण शहरातली माणसे जंगलात जातो ती वाघ पाहायला. ज्यांच्या दारातच जंगल आहे त्यांना सरपण, गवत, बांबू, कंदमुळे, सगळेच तिथून आणावे लागते. आमच्या विदर्भात याला निस्तार म्हणतात. मालगुजारीच्या काळात तो वहिवाटीने चाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, जंगल सरकारचे झाले, निस्तारपत्रके तयार झाली. पण नोंद एक आणि वहिवाट एक असे अनेक गावांचे झाले. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. गावाने आपल्या वहिवाटीच्या जंगलावर सामूहिक दावा करावा आणि तो सिद्ध झाला तर राखण्याचा नि चालवण्याचा अधिकारही गावालाच मिळावा, असे त्यात म्हटले आहे. भाऊंना त्या दिवसापासून चेंबरमध्ये बसवेना.

२०१० च्या उन्हाळ्यात ते मला बळेच बरोबर घेऊन गेले. नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करीत गडचिरोली, आणि तिथून पुढे धानोऱ्याच्या रस्त्याने. वाटेत त्यांनी मेंढा (लेखा) दाखवले. गोंडांचे चार-पाचशे वस्तीचे गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. गावचे देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट चालवला होता. ठराव बहुमताने करायचा नाही, सर्वांचे पटेपर्यंत बोलत राहायचे, ही तिथली रीत. आम्हा वकिलांना हे ऐकूनच धडकी भरते. भाऊ म्हणत, "कायद्याची पदवी मी नागपुरात घेतली रे, पण कायदा वाचायला इथे शिकलो." मोहनजी जानेवारी २०२५ मध्ये वारले तेव्हा भाऊ दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

आम्ही गेलो ते गाव मात्र आणखी आत होते. मोहाच्या झाडाखाली खाट टाकली होती. समोर एक म्हातारी. ती गोंडी बोले, शाळेचे तरुण मास्तर मराठी करून सांगत आणि भाऊ लिहून घेत. कुठल्या नाल्यापर्यंत जाता? डिंक कुठला? देव कुठे बसतो? म्हातारीने हात लांब करून टेकडीकडे दाखवले. मास्तर म्हणाले, "त्या चाराच्या झाडाखाली हिचा थोरला मुलगा झाला, म्हणते. आणि पलीकडे सासूला पुरले." भाऊंनी तेही लिहिले. खाली अंगठा घेतला.

परतताना मी म्हणालो, "भाऊ, बाळंतपण आणि चाराचे झाड! कोण मानणार हा पुरावा?"

त्यांनी पिशवीतून नियमांचे पुस्तक काढून तेरावा नियम माझ्यापुढे धरला. वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन हा पुरावा. पवित्र झाडे, देवराया, दफनाच्या जागा हाही पुरावा. तीस वर्षांच्या वकिलीत मी तो नियम वाचला नव्हता. मी गप्प बसलो.

बांबूचा वाद तर त्यांच्या विशेष आवडीचा. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाड. वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. म्हणजे बांबू गावाचा, पण वाहतुकीचा परवाना दुसऱ्याच्या हाती! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा भाऊंनी साऱ्या बाररूमला पेढे वाटले. वन कायद्यातल्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द गेला तो २०१७ मध्ये. त्या दिवशीही पेढे. मधुमेह होता त्यांना, पण ऐकतात थोडेच!

त्या आतल्या गावाचा दावा अर्ध्याहून कमी क्षेत्रावर मंजूर झाला आणि उरलेल्यासाठी भाऊंनी हायकोर्टात याचिका लावली. ती अजून चालू आहे. गेल्या जूनमध्ये ते इस्पितळात असताना त्यांनी मला फोन केला. नुसती तारीख घ्यायची होती. माझी त्या दिवशी एका बिल्डरची केस होती. "ज्युनिअरला पाठवतो," मी म्हणालो. "बरं बरं, चालेल," ते म्हणाले. मग माझ्या नातीची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते आमचे शेवटचे बोलणे.

परवा सकाळी चेंबरच्या पायरीवर एक पोरगा बसला होता. "भाऊ हायेत का जी?"

मी सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग पिशवीतून वर्तमानपत्राचे पुडके काढून टेबलावर ठेवले, आणि ठेवल्यावर ते कोणासाठी, हे त्यालाच समजेना.

"तारीख हाय जी पुढच्या महिन्यात. कोण उभं राहीन?"

मी कपाटाची त्यांची बाजू उघडली. फाईल पहिल्याच कप्प्यात होती. वरच भाऊंच्या ठसठशीत अक्षरातला तो कागद, खाली निळा अंगठा.

"ही मायी आजी," पोरगा वाकून म्हणाला. "मेली ते. दोन वर्सं झाले."

मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि डायरी उघडून तारीख विचारली. त्या दिवशी माझ्या नावावर दुसरी एक केस लागली होती. ती मी खोडली.