बाटलीतल्या पाण्याची जबानी

पिंपरी-चिंचवडात 2019 च्या नोव्हेंबरापासून नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले आणि गृहसंकुलांच्या आवारातील बोअरला व दाराशी थांबणाऱ्या टँकरला असे काही माहात्म्य प्राप्त झाले की, सोसायटीच्या सभेत पाणी किती आले याचीच चर्चा रंगते, कसले आले हे कोणी पुसत नाही. क्वचित एखाद्या चिकित्सक सभासदाने आग्रह धरलाच, तर शीतपेयाची रिकामी बाटली विसळून रखवालदाराहाती नमुना प्रयोगशाळेत रवाना होतो, आणि 'पिण्यायोग्य' असा शेरा मारलेला कागद फलकावर लागला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. माझी तक्रार त्या कागदाविषयी आहे.

बोअरच्या नळीत तुंबलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे. पंप चालवून ते उपसून टाकावे, सामू व विद्युतवाहकता स्थिरावू द्यावी, मग येईल तो खरा नमुना. जिवाणूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी आणि ती बर्फाच्या पेटीतून शक्यतो 24 तासांच्या आत पोचावी. शिशासारख्या धातूंसाठी निराळ्या बाटलीत नत्राम्लाचे थेंब घालावे लागतात, अन्यथा धातू बाटलीच्या अंगालाच चिकटून राहतो आणि प्रयोगशाळा अत्यंत प्रामाणिकपणे खोटा दाखला देते.

त्याहून मोठी गोम अशी की, नमुना हा विचारल्याखेरीज न बोलणारा साक्षीदार आहे. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठिणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म एवढीच उलटतपासणी होते. परंतु भोसरीसारख्या इलाख्यात, जेथे धातूंवर मुलामा चढविण्याचे कारखाने आहेत, तेथे क्रोमियमविषयी न विचारणे म्हणजे चोरीच्या खटल्यात चोरीचाच उल्लेख टाळणे होय. भारतीय मानकाने त्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम ठरविली आहे. शेजारच्या संकुलाच्या दाखल्यावर विसंबावे, तर आपल्या काळ्या पाषाणात पाणी सांधे व भेगांतूनच वाहते; दोन बोअरांत पन्नास पावलांचे अंतर असले तरी त्यांचे गोत्र एकच असेल असे नाही.

भूजल दूषित करण्यास मनाई करणारा 2009 चा राज्य कायदा 2014 पासून अंमलात आहे, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे मुख्य दप्तर तर पुण्यातच आहे. तरीही 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हाच विहिरींच्या नमुन्यांसाठी धावपळ उडाली. म्हणून माझे म्हणणे इतकेच की, कोणत्या वॉर्डात कोणते उद्योग आहेत ते पाहून महापालिकेने तपासण्यांची यादी ठरवावी, पावसाळ्याआधी व नंतर प्रशिक्षित माणसाकरवी नमुने घ्यावेत, आणि टँकर भरणाऱ्या विहिरींसह सर्वांचा तक्ता जाहीर करावा.

मागल्या वैशाखात आमच्या दारी आलेल्या टँकरवाल्याला, पाणी कोणत्या विहिरीचे, असे मी विचारले. "चाकणकडचं हाय काका, लई गोड हाय," एवढे सांगून त्याने पाइप टाकीत सोडला.