लेकरू गप्प पडले, अंग गार लागले

मृगाचा पाऊस झाला की शिवारात पेरणीची घाई उडते आणि दवाखान्यात हगवणीची लेकरे येऊ लागतात. बहुतेक चार दिवसांत बरी होतात. एखादे दगावते. घरचे सांगतात, "हगवण लागली," "गोवर निघाला," "छाती भरली." खरेच आहे, पण अर्धेच. जगात पाच वर्षांच्या आत जी बालके जातात, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या मरणामागे कुपोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळाभर वैरणीवाचून खंगलेले वासरू पहिल्याच पावसात गारठून बसते, शेजारचे धट्टेकट्टे मात्र त्याच पावसात उड्या मारते, तसेच हे.

आईबहिणींनो, फसगत कुठे होते पाहा. अंगाने भरलेल्या लेकराला रोग झाला की ताप चढतो, घर धावते. फार खंगलेल्या लेकराला ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, ते रडत नाही, दूध ओढत नाही. आजी म्हणते, "आज शांत झोपलं बाई." तीच वेळ दवाखाना गाठण्याची. वाटेत त्याला छातीशी धरून ऊब द्या, अंगावरचे दूध पाजत राहा.

दोन्ही पाय सुजले की बाळसे आले असे वाटते. अंगठ्याने दाबा, खळगा राहिला तर ते बाळसे नव्हे. अंगणवाडीताईच्या पट्टीवर सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तरी तीच गत.

आपल्याकडे सलाइनची बाटली टांगल्याशिवाय इलाज झाला असे कुणाला वाटतच नाही! पण अशा लेकराचे काळीज नाजूक असते, घाईचे सलाइन त्याला झेपत नाही. लोहाचे टॉनिकही सुरुवातीला देत नाहीत. ताप नसला तरी जंतूंवरचे औषध, आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे दुधाचे खाणे, हा तिथला इलाज. डॉक्टरांशी हुज्जत घालू नका.

मुखेड-कंधारकडून, जळकोटच्या बाजूने दिवाळीनंतर कोयते घेऊन निघणाऱ्या घरांची मला जास्त काळजी वाटते. अंगणवाडी मागे राहते, गोवराची लस चुकते. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न टोचलेली लेकरे गेली. लसीचे कार्ड ट्रंकेत नको, सोबत असू द्या. टोळी उतरेल तिथल्या आरोग्य केंद्रात लस मिळते. आणि लातूरच्या बाजारात पोत्यांनी तूर घालणाऱ्या आपल्या घरांत लेकराच्या वाटीत नुसते वरणाचे पाणी का? खालची घट्ट डाळ घाला, वर चमचाभर तेल. गोवरातही खाणे तोडू नका.

पोषण पुनर्वसन केंद्रात आईला साधारण दोन आठवडे लेकराजवळ राहावे लागते. तिथे बुडीत मजुरीची सोय असते, ती विचारून घ्या. घरी शेळ्या आणि थोरली पोरे तेवढे दिवस बापाने सांभाळावीत.