गुप्तधन कोणाचे?

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते आणि बघ्यांची रीघ लागते. यंदा मी व माझा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन त्या काठाने दिवसभर हिंडलो. मंदिरापासून मात्र लांबच राहिलो. तेथे असले यंत्र कुणी चालवूच नये. यंत्र कुई करी, आम्ही खुरप्याने गाळ उकरू. मिळाले काय? जाळ्याची शिसे, खिळे, बैलाची एक पत्री आणि दाराची एक कडी. मित्र म्हणाला, "सगळे भंगार!"

मला हे मान्य नाही. निखात निधीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. (दहा रुपयांत हल्ली धड चहाही येत नाही!) शंभर वर्षांच्या आत तो ज्याने पुरला, त्याच्या वारसाचा हक्क आधी पाहिला जातो. इंग्रजाने केलेला कायदासुद्धा आधी मालक शोधतो.

कडी काही कुणी पुरलेली नव्हती. धरण १९८० साली पुरे झाले, भीमाकाठची घरे पाण्याखाली गेली, त्या पाण्यावर सोलापुराकडे ऊस उभा राहिला. पण त्या दारांतून लहानपणी ये-जा केलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत, नव्या गावठाणांत राहतात. कडी गावात नेऊन दाखवावी, कुणी ओळखली तर त्याच्या हाती द्यावी, नाहीतर ग्रामपंचायतीत ठेवावी, असे माझे मत. मित्र हसतो. कडी तूर्त त्याच्याच पिशवीत आहे.