पाच मिनिटांचा हिशेब

‘आमचा मुलगा गेम खेळतो’ हे वाक्य आपल्या घरांत माहिती म्हणून सांगितले जात नाही, तक्रार म्हणूनच सांगितले जाते. ‘आमचा मुलगा बुद्धिबळ खेळतो’ म्हणताना आवाज वेगळा असतो आणि ‘गेम खेळतो’ म्हणताना वेगळा. त्यातही मुलगा तेवीस वर्षांचा, पदवी घेतलेला, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसलेला असेल तर विचारूच नका! दौंडच्या एका परिचित कुटुंबात सध्या हाच वाद चालू आहे. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. चिरंजीव रोज संध्याकाळी दोन तास ‘मारिओ’ खेळतात. तोच चाळीस वर्षांपूर्वीचा मारिओ, त्याच विटा, तेच हिरवे पाइप. वडिलांचे म्हणणे असे, की निदान रोज नवा खेळ तरी खेळ. एकाच खेळात हजार वेळा मरायचे, याला काय म्हणावे? माझ्यापुढे हा खटला आला तो मी बँकेत असताना कर्जाच्या फायली पाहत असे म्हणून. मी चिरंजीवांकडे त्यांची वही मागितली. वही होती, हे विशेष. ती वाचल्यावर माझे मत बनले, ते आज मांडतो.

मुलगा जे करतो आहे त्याला जगभर ‘स्पीडरन’ म्हणतात. खेळ कमीत कमी वेळात सुरुवातीपासून शेवटपर्यंत संपवायचा, एवढाच त्याचा अर्थ. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो. नव्वदच्या दशकात तो आपल्याकडे आला तो बहुतांशी नकली संचांतून. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि ‘९९९९ खेळ’ अशी बढाई मारणारी एक कॅसेट. त्या नऊ हजारांत खरे खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच नावे बदलून केलेली भरती. पण मारिओ असायचाच. मे महिन्याच्या सुट्टीत असे डबे दिवसाच्या भाड्याने मिळत आणि अख्खी आळी एका घरात जमत असे. आज तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांना हे सांगायला नको.

त्या वेळी खेळ ‘संपवणे’ हीच मोठी गोष्ट होती. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे. आता मात्र प्रश्न वेगळा आहे. बत्तीसपैकी किती टप्पे टाळता येतात? उत्तर आहे, चोवीस. पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून पळत गेले की एक गुप्त खोली लागते आणि तिथल्या पाइपातून थेट चौथ्या दुनियेत उतरता येते. चौथ्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यातून तसेच आठवीत. म्हणजे फक्त आठ टप्पे खेळायचे. दौंडकरांना ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी पूर्वी दौंड जंक्शनात शिरायची, तिथे इंजिन या टोकाचे त्या टोकाला लागायचे आणि मग ती पुढे निघायची. आता काही गाड्या कॉर्ड लाइनवरून परस्पर वळतात. तो वेळ वाचला. पण ज्याला दौंडातच उतरायचे आहे त्याला गावापासून दूर उतरावे लागते! आडवाट चांगली की वाईट हे तुम्हाला कुठे जायचे आहे यावर ठरते. मारिओला शेवटाशी जायचे आहे. वाटेतली नाणी वेचायची नाहीत. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर त्या मुलाने काय मिळवायचे हे लिहिण्याआधी काय सोडायचे त्याची यादी केली आहे. कितीतरी लोक कर्ज मागायला येताना काय काय घ्यायचे याची यादी आणत. काय सोडणार आहोत याची यादी आणणारा मी फार क्वचित पाहिला.

पुढचे पान मला सर्वांत जास्त आवडले. या खेळात एक गंमत आहे. चित्र पडद्यावर सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते. अशा एका चित्राला आपण चौकट म्हणू. टप्पा संपला की खेळ लगेच पुढच्या टप्प्यात जात नाही. दर एकवीस चौकटींनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाने, एकदाच दार उघडते. तुम्ही दार उघडण्यापूर्वी वीस चौकटी आधी पोचा की एक चौकट आधी पोचा, आत जाण्याची वेळ तीच. एक चौकट उशीर झाला तर मात्र पुढच्या दाराची वाट पाहायची.

ज्यांनी जुन्या पद्धतीचे बँकेचे क्लिअरिंग पाहिले आहे त्यांना हे तात्काळ कळेल. ठरलेल्या वेळेआधी चेक आला की तो त्या दिवशीच्या गठ्ठ्यात गेला. सकाळी दहाला आला की पाच मिनिटे आधी आला, याला किंमत नाही. पाच मिनिटे उशिरा आला तर दुसऱ्या दिवशी. आता ती पद्धत राहिली नाही. पण तेव्हा शहाणा व्यापारी धावत यायचा तो केव्हा, हे पाहण्यासारखे असे. ज्या दिवशी धावून चेक आजच्या गठ्ठ्यात बसणार असेल त्याच दिवशी तो धावे. एरवी चालत येई, वाटेत चहा घेई. शिरूरला रेल्वे नाही, तेव्हा शिरूरकराने एस.टी.चा दाखला घ्यावा. न्हावऱ्याकडे जाणारी गाडी सुटायला दहा मिनिटे असताना स्टँडवर धापा टाकत येणाऱ्याला ड्रायव्हर काही लवकर नेत नाही.

याचा अर्थ असा, की सगळीकडे जोर लावणे हे मेहनतीचे लक्षण असले तरी नियोजनाचे नव्हे. मुलाने आठही टप्प्यांचा तक्ता केला आहे. कोणत्या टप्प्यात थोडी घाई केली तर आधीचे दार मिळते आणि कोणत्या टप्प्यात कितीही जिवावर उदार झाले तरी काही मिळत नाही, याचा. जिथे मिळत नाही तिथे तो सरळ, सुरक्षित रस्ता धरतो. शेवटच्या टप्प्याला मात्र हा दाराचा नियम लागू नाही. तिथे कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबते, म्हणून तिथे प्रत्येक चौकट मोजायची.

वहीत तिसरी गोष्ट आहे ती धोक्याची. समजा, आठ टप्प्यांत प्रत्येकी एक अवघड उडी आहे आणि ती दहांपैकी नऊ वेळा साधते. ऐकायला किती छान! पण आठही एका दमात साधण्याची शक्यता शंभरात त्रेचाळीसच उरते. तीच उडी दोनांपैकी एकदा साधत असेल, तर आठही साधायला सरासरी २५६ प्रयत्न हवेत. शिवाय अवघड उडी सुरुवातीला चुकली तर अर्ध्या मिनिटाचे नुकसान, शेवटी चुकली तर सगळ्या पाच मिनिटांचे. म्हणून धोका घ्यायचा तर आधी घ्यावा, आणि हातात जमा झाल्यावर जपून चालावे. हे त्याने कोणत्याही वर्गात शिकलेले नाही. मारिओ दरीत पडून पडून शिकला आहे.

या छंदात परदेशी नक्कल आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने एकदा आपल्याच तालुक्यातल्या घाटात जाऊन उभे राहावे. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातली बैलगाडा शर्यत म्हणजे काय? समोर दुसरा गाडा नसतो. एक गाडा एकटा घाट चढतो आणि त्याची बारी किती सेकंदांची हे घड्याळ सांगते. स्पर्धा घड्याळाशी. हा खेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये त्याला अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या काळात बैलांच्या यातनांबद्दल जे प्रश्न विचारले गेले ते रास्त होते, आजही आहेत. मारिओच्या पाठीवर निदान चाबूक बसत नाही. पण सेकंदाच्या एका तुकड्यासाठी वर्षभर खपणाऱ्या गाडामालकाला आपण शौकीन म्हणतो, त्याची मिरवणूक काढतो, आणि तेच करणाऱ्या पोराला वाया गेलेला म्हणतो. हा न्याय काही मला पटत नाही.

सचोटीचा मुद्दाही आहे. घड्याळ आले की लबाडी येते. अमेरिकेत ‘ड्रॅगस्टर’ नावाच्या मोटारशर्यतीच्या खेळात टॉड रॉजर्स यांच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पुढे एका खेळाडूने तो खेळ आतून उकलून, सगळी गणिते मांडून दाखवले, की ५.५७ च्या खाली जाणेच शक्य नाही. जानेवारी २०१८ मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तो विक्रम काढून टाकला. पस्तीस वर्षांनंतर! आता अव्वल विक्रमासाठी पूर्ण खेळाचे चित्रीकरण द्यावे लागते आणि इतर खेळाडू ते चौकट चौकट तपासतात. शिवाय आपल्याकडच्या जुन्या डब्यांवर केलेली वेळ तिथल्या वेळेशी तोलता येत नाही. आपल्या टीव्हीची पद्धत सेकंदाला पन्नास चौकटींची, त्यांची साठांची. तागडी वेगळी असेल तर वजन सांगू नये, हा व्यवहार या मुलांनी आपसांत पाळला आहे. आमच्या ऑडिटरांनी हेवा करावा अशी ही व्हाउचर तपासणी आहे.

मग वडिलांचे काहीच खरे नाही काय? आहे, आणि तेच महत्त्वाचे आहे. एप्रिल २०२१ मध्ये ‘निफ्टस्की’ हे टोपणनाव घेतलेल्या खेळाडूने हा खेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपवला. त्यानंतर तो आकडा किंचित किंचित खाली येत गेला. संगणकाकडून एकेक चौकट रचून घेतलेल्या निर्दोष खेळापेक्षा माणूस आता सेकंदाच्या एका अंशानेच मागे आहे. म्हणजे कोठार जवळजवळ रिकामे झाले आहे. दौंडच्या मुलाचे ध्येय साडेपाच मिनिटांचे आहे. ते साधले तरी नोकरी मिळणार नाही, पगार सुरू होणार नाही. अमेरिकेत २०१० पासून असे खेळाडू एकत्र जमून, खेळ दाखवून धर्मादाय संस्थांसाठी देणग्या गोळा करतात, हे चांगलेच आहे. पण दौंडच्या घरातले वाणसामान त्याने येत नाही.

म्हणून मी त्या वहीवर एकच शेरा मारला. वहीत सगळे आहे, थांबण्याची तारीख नाही. ज्या कर्जाला परतफेडीची मुदत नाही ते कर्ज नव्हे, ती उधळपट्टी. अमुक महिन्यापर्यंत, रोज इतके तास, साधले तर उत्तम, न साधले तरी डबा माळ्यावर, असे लिहिले असेल तर तो छंद. लिहिले नसेल तर ते व्यसन, मग त्यात कितीही गणित असो.

पण मग हाच शेरा दुसऱ्या वहीवरही मारायला हवा, आणि तिथे आईवडिलांची अडचण होते. स्पर्धा परीक्षेच्या वहीवर थांबण्याची तारीख किती घरांत लिहिलेली असते? एक प्रयत्न, दुसरा, पाचवा. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका. तिशी उलटते, गावाकडे काय सांगायचे म्हणून मुलगा घरी यायचा बंद होतो. तिथे जागा शेकड्यांत आणि इच्छुक लाखांत असतात, म्हणजे मारिओच्या आठ उड्यांहून हिशेब कितीतरी कठीण. तरी तो हिशेब आपण मुलांपुढे मांडत नाही. ‘अजून एकदा बस’ म्हणतो. खेळातला अजून एकदा आपल्याला खुपतो, परीक्षेतला अजून एकदा आपल्याला जिद्द वाटतो. कारण पहिल्यात मुलगा स्वतःच्या मनाने धावतो आणि दुसऱ्यात आपल्या.

त्या वडिलांना मी डबा विकू नका असे सांगितले. मुलाला म्हटले, दोन्ही वह्यांच्या शेवटच्या पानावर एकेक तारीख लिही आणि वडिलांची सही घे. दोघांना ते फारसे रुचले नाही. सल्ला बहुधा योग्य असावा. आपल्या घरात असे कोणी असेल तर यंत्र हिसकावण्याआधी एकदा वही मागा. वही नसेल तर रागवायला दिवस पुष्कळ आहेत. वही असेल, तर ती वाचायला पाच मिनिटे लागतात.