सांडलेल्या सांबाराची भरपाई



वेटरच्या हातून सांबार सांडले तर कपड्यांची भरपाई त्याच्या पगारातून कापावी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. सांबार गरम असते. आधी कोणाला, त्या वेटरलासुद्धा, भाजले का ते पाहावे आणि भाजल्या जागी थंड पाणी धरावे. सदऱ्यावरचा डाग धुता येतो. भरल्या हॉटेलात, गल्ल्यावरच्या मालकासमोर चारचौघांत झालेला अपमान त्या माणसाने कुठे धुवायचा? दुपारच्या गर्दीत एकाच हातावर चार-चार बशा पेलण्याचे त्याचे कसब आपण रोज गृहीत धरतो. शिवाय १९३६च्या वेतन प्रदान कायद्यानेही कामगाराचे म्हणणे ऐकल्याविना नुकसानीपोटी पगार कापायला मनाई केली होती. मालक रागावू लागला तर गिऱ्हाइकानेच सांगावे, ‘चुकून झालं, त्याला बोलू नका.’ आणि टिप नेहमीएवढीच ठेवावी.

– एक वाचक, दादर