‘सेट होईल’ म्हणाले, तर लिहून घ्या!

गाडी नवी, हप्ता नवा आणि पहिल्याच महिन्यात क्लच अडकतोय. शोरूमवाला म्हणतो, ‘नवी आहे, चालू द्या थोडी, सेट होईल.’ गोसीखुर्दहून पवनी, तिथून भंडारा किंवा नागपूर, अशा खेपा घालून बाबा थकतात आणि विषय संपतो. तो तसा संपू देऊ नका. घरात फॉर्म भरणारे, कागद वाचणारे तुम्हीच असता, म्हणून हे तुम्हाला सांगणं.

तोंडी तक्रारीला किंमत नाही. गाडी दर वेळी सर्व्हिस सेंटरला नेली की जॉब कार्डवर नेमका दोष लिहून घ्या. तारीख, किलोमीटर तपासा, प्रत मागा. नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका. शोरूम ऐकत नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तरीही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. गाडी नागपुरात घेतली असली, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही होते.

मात्र एक गोष्ट समजून घ्या. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठी वेगळे ‘लेमन लॉ’ आहेत, आपल्याकडे नाहीत. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असते, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. आयोग गाडी बदलून द्यायचा किंवा पैसे परत करायचा आदेश देऊ शकतो, पण दोष मुळातलाच आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि सोबत तीच ती जॉब कार्डं.

लाखोंची गाडी घेणाऱ्यानेच दोष सिद्ध करत फिरायचं, हे न्यायाचं नाही. आपल्याकडेही तसा कायदा हवाच. तो येईपर्यंत हप्ते थांबवू नका, नाहीतर बँकेचं वेगळंच लचांड मागे लागेल. आणि आज घरी गेल्यावर गाडीची फाईल उघडा. जॉब कार्डं आहेत का, बघा.