झाडू आत, माणूस बाहेर

एप्रिल २०२१. आशागडची माझी आत्या कोरोनाच्या वॉर्डात पडलेली. कुठला दवाखाना ते सोडा. त्या दिवसांत सगळीकडे एकच गेट होतं आणि गेटाला एकच कुलूप.

मी गोदीत हमाली करतो. दोन दिवसांचा खाडा मारला, मालाच्या टेम्पोत बसलो आणि डहाणू गाठली. गेटवर वॉचमन. म्हणाला, "आत सोडणार नाय. वरून ऑर्डर आहे." बरोबर आहे. आजार श्वासातून पसरतो, एवढं दहावी पास माणसालाही कळतं. मी मागे सरलो. डब्यावर चिकटपट्टी लावून आत्याचं नाव लिहिलं आणि डबा त्याच्या हातात दिला. तासाने विचारलं, पोचला का? "पोचला असंल."

तेवढ्यात झाडूवाली बाई आली. तोंडाला साधं फडकं, हातात बादली आणि फिनेल. तिला कुणी अडवलं नाही. वॉचमनने दार उघडून धरलं. तिथं माझं डोकं फिरलं. ही बाई दिवसातून तीनदा आत जाते. तिच्यासाठी विषाणू सुट्टीवर असतो काय? झाडू कुठल्या जातीच्या हातात असतो ते तुम्हाला सांगायला नको. साफसफाईसाठी जीव धोक्यात घालायला आमची माणसं चालतात. त्याच माणसांची आई आत पडली की त्यांना नियम दाखवतात.

दहा दिवसांनी आत्या घरी आली. म्हणाली, "आजाराचं काय नाय रे बाबा. पाणी मागून मागून जीव गेला." शेजारच्या खाटेवर आतल्या पाड्यावरची एक वारली बाई होती. नर्स एक आणि खाटा पंचवीस. नर्स विचारायची मराठीत, बाई सांगायची वारलीत. आत्याने भातलावणीला आणि चिकूच्या वाडीत वारली बायांबरोबर जन्म काढलेला. तिला समजायचं. मग तीच उठून पाणी द्यायची, नळी निघाली की नर्सला हाक मारायची. स्वतःला धाप लागलेली बाई दुसरीची सोबतीण झाली. नियमाने माझं आत जाणं बंद केलं. सोबतीची गरज काही बंद झाली नाही.

दोस्तांनो, नीट बघा. सरकारी दवाखाना चालतो कुणावर? पेशंटला संडासला कोण नेतं? सलाईन संपलं म्हणून कोण धावतं? कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर कोण फिरतं? नातेवाईक. फुकटचा कामगार. साथ आली की हा कामगार एका रात्रीत हाकलला, आणि त्याच्या जागी कुणालाच ठेवलं नाही. गोदीत एका टोळीतून दोन माणसं काढली तर मुकादम आधी विचारतो, ओझं कोण उचलणार? दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नाही.

न विचारल्याचं फळ जळगावात दिसलं. तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलात ८२ वर्षांची कोरोना झालेली म्हातारी जून २०२० मध्ये बेपत्ता झाली. शोधाशोध झाली. आठ दिवसांनी, १० जूनला, तिचं प्रेत त्याच हॉस्पिटलच्या संडासात सापडलं. डीनना निलंबित केलं. बातम्या झाल्या. पण खाटेशेजारी एक माणूस बसलेला असता, तर म्हातारी आठ दिवस हरवली असती का? सोबती म्हणजे लाड नव्हे. सोबती म्हणजे दोन डोळे.

हे आजचं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो गोदीला लागून असलेल्या मांडवीत. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती. दार बंद असलं की आतली प्रत्येक गोष्ट अफवा होते. पुढे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आपापल्या जातीची प्लेग हॉस्पिटलं काढली, आपल्या माणसांजवळ राहायची सोय केली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते सरकारच्या हवाली. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचाच. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच काढला. आणि ऑर्थर रोडचं ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. मुंबईचे पहिले कोरोना पेशंट तिथंच ठेवले.

कुणी म्हणेल, तर काय सगळ्यांना आत सोडायचं? नाही. सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. मी कुणाला मरायला आत पाठवत नाही. २०२० च्या सुरुवातीला डॉक्टरांनाच किट पुरत नव्हते, तेव्हा दार लावलं हे मी समजू शकतो. पण वर्षानेही तेच कुलूप?

'अंतर ठेवा' म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. पण दोन्ही अंतरं एक नाहीत. रोगाच्या अंतराला कारण असतं, माप असतं, मुदत असते. जातीच्या अंतराला यातलं काहीच नसतं. म्हणून कुठल्याही नियमाला हे तीन प्रश्न विचारा: का? किती? कधीपर्यंत? उत्तर नसेल तर तो रोगाचा नियम नाही. ती जुनीच सवय आहे, नवा मास्क लावून आलेली.

बाळंतपणात बाईजवळ तिच्या घरची एक बाई असावी, हे केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्य केलं. कोरोना झालेल्या बाळंतिणीलाही सोबत नाकारू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. म्हणजे रस्ता आहे. चालायचं मनात नाही.

मागणी साधी आहे. एका पेशंटमागे एक ठरलेला सोबती. त्याला चांगला मास्क, आणि तो कसा लावायचा, हात कधी धुवायचे हे शिकवा. लेकरू, म्हातारं, अपंग, बाळंतीण आणि डॉक्टरची भाषा न कळणारा माणूस यांना आधी. सोबती नसेल तर दवाखान्याने पगार देऊन माणूस नेमावा. डहाणू-तलासरीत तो वारली बोलणारा असावा. आणि सफाई कामगाराला डॉक्टरला मिळतो तोच मास्क. हे आत्ता लिहून घ्यायला हवं. साथ आल्यावर कुणी ऐकत नसतं.

वॉचमनदादा, तुझ्यावर राग नाही. तुझ्या हातात ऑर्डर दिली, तोंडाला धड मास्क दिला नाही. पण पुढच्या वेळी दार लावायच्या आधी वरच्यांना एवढं विचार: आत पाणी कोण देणार? नाव सांगितलं, तर मी गेटवर गप बसेन.